प्रारब्ध आणि तोंडातला चट्टा

ऊसतोडीच्या बीड जिल्ह्यात तंबाखू, मिश्री कष्टाच्या सोबतीला असतात, आणि तोंडाचा कर्करोग झाला की तो ‘भोग’ ठरतो. पण कर्मविचारात प्रारब्धाशेजारी क्रियमाणही आहे: आज हातात असलेले कर्म. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. भोग अटळ असता तर हे घडले नसते. ज्याचे कर्म त्याने भोगावे, असे कोणी म्हणेल. पण जो पाहू शकतो त्याने न पाहणे हेही कर्मच. उपचाराविना निदान म्हणजे निव्वळ भीती, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून गावोगावच्या आशा सेविकांना तोंडातला धोक्याचा चट्टा ओळखायला शिकवताना अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत रुग्ण पोहोचवण्याची सोयही हवी, आणि तपासणी ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघण्याआधीच व्हावी.