पोटदुखीचं सोंग आणि धर्मराजाचा रथ

सोमवारची सकाळ, त्यात गणिताचा गृहपाठ राहिलेला. पाबळसारखं खेडं असो की पुण्यासारखं शहर, अशा दिवशी पोट दुखतंच. धीट पोरं बगलेत कांदा धरून ताप आणायचाही खटाटोप करतात. मग आईचे उपाय सुरू होतात. आधी ओव्याची फक्की, मग बेंबीला हिंग आणि शेवटचं ठेवणीतलं अस्त्र : "थांब, डॉक्टरांना सुई टोचायलाच सांगते!" डॉक्टरांना कुणीच बोलावलेलं नसतं, पण पोरगं मुकाट्यानं दप्तर उचलतं.

काट्यानं काटा काढला म्हणून घरात हशा पिकतो. पण लबाडीला लबाडीनं उत्तर देणं धर्माला चालतं का?

महाभारतात या प्रश्नाची दोन्ही टोकं आहेत. कर्णपर्वातला कौशिक नावाचा तपस्वी सत्याचा हट्ट धरतो, लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना सांगून टाकतो आणि नरकात जातो. जीव वाचवायला खोटं बोललेलं चालतं, असं कृष्ण अर्जुनाला त्यातून समजावतो. (जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1797 मध्ये नेमकं उलट मत मांडलं : दारात खुनी उभा असला तरी खोटं बोलू नये.) दुसरं टोक द्रोणपर्वात आहे. अश्वत्थामा मेला, असं द्रोणांना सांगताना युधिष्ठिर 'हत्ती' हा शब्द पुटपुटतो आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. हा माणूस खोटं बोलत नाही, या भरवशावरच द्रोणांनी त्याला विचारलं होतं.

पोटदुखीच्या सोंगात कुणाचा जीव जात नाही. त्यामुळे कौशिकाच्या गोष्टीतली सवलत आईबापांना मागता येत नाही. त्यांना लागू पडते ती रथाची गोष्ट. पोर आईच्या शब्दावर द्रोणांइतकंच विसंबलेलं असतं.

रवींद्रनाथ टागोरांनी या खेळाच्या दोन्ही बाजू लिहून ठेवल्या आहेत. 'इच्छापूरण' या गोष्टीत सुशील पोटदुखीचं निमित्त काढतो. बापाला सोंग कळतं, पण तो ते उघडं पाडत नाही. दुखतंय ना, मग पडून राहा, असं म्हणून तो कडू काढा पाजतो आणि खोलीला कडी घालतो. पोरगं रडकुंडीला येऊन शाळेत जायला तयार होतं, तरी बाप सोडत नाही. युक्ती बिनतोड खरी, पण निव्वळ सूड. स्वतःच्या बालपणाबद्दल रवींद्रनाथांनी 'छेलेबेला'त लिहिलंय ते वेगळंच. ओले बूट घालून हिंडले, कार्तिकातल्या दवात गच्चीवर झोपले, तरी साधा खोकलाही आला नाही. मग पोट दुखतंय म्हणून आईकडे गेले, की तिला सगळं कळायचं. ती मनात हसायची आणि आज शिकवणी नको, असा निरोप धाडायची. तिनं फसवलंही नाही आणि ती फसलीही नाही. मात्र रोज असं केलं तर शाळाच सुटेल, हेही खरं. रवींद्रनाथांची सुटलीच!

शिवाय दुखणं दर वेळी खोटं नसतं. भीतीनं पोटात गोळा येतो आणि तो खरोखर दुखतो, हे बालरोगतज्ज्ञही मान्य करतात.

पोर शाळा का टाळतं, या प्रश्नाला पाबळमध्ये वेगळ्याच बाजूनं हात घातला गेला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये इथं विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा सगळा रोख हातांनी काम करत शिकण्यावर होता. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, माती-पाण्याची तपासणी अशी गावाच्या उपयोगाची कामं करायची आणि त्यातून विज्ञान शिकायचं. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठीही आश्रमानं वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आखला. पोराला शाळेत कसं ढकलायचं, ही कलबागांची चिंताच नव्हती. शाळेत त्याच्या हाताला काय काम मिळतं, हे ते पाहत होते.

तेव्हा उद्या पोट दुखायला लागलं, तर आधी कपाळाला हात लावून बघा. अंग गरम असेल तर डॉक्टर गाठा. नसेल तर सुईचा धाक न घालता सरळ सांगा : "दुखत असेल तर झोप, मोबाइल नाही, खेळ नाही, जेवायला पेज." यात खोटं काहीच नाही. आणि दर सोमवारीच दुखत असेल, तर पोराला घरी ठेवा आणि तुम्ही स्वतः शाळेत जाऊन पहिल्या तासाला काय चालतं ते बघून या.