शंभरावे क्षेत्र

फराळाच्या वेळी थुंकीच्या तपासणीचा विषय काढू नये, एवढे तारतम्य आमच्या घरात कोणालाच नाही. माझे सारे आयुष्य रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेले, आणि माझ्या पुतणीने आता तोच अभ्यासक्रम धरला आहे. गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता तिने विचारले, "काका, क्षयाचे जंतू शोधताना शंभर क्षेत्रं पाहायलाच हवीत का हो? ऐंशीपर्यंत काही दिसलं नाही, तर उरलेल्या विसांत काय असणार?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. मी मात्र गप्प झालो. हाच प्रश्न १९८६ साली, शिकाऊ असताना, मी स्वतःला विचारला होता. आणि सोयीचे उत्तरही देऊन टाकले होते.

हे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रोग्याचा बेडका काचपट्टीवर पसरून वाळवतात. त्यावर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत खालून ऊब देतात, मग आम्लाने धुतात. बाकी साऱ्यांचा रंग उतरतो. क्षयाचा जंतू तेवढा आपली लाली सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला, की निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. रॉबर्ट कॉखने १८८२ साली बर्लिनमध्ये जगापुढे ठेवला तो हाच जंतू. भिंगातून एका वेळी काचेचा जेवढा वाटोळा तुकडा दिसतो, ते एक क्षेत्र. अशी शंभर क्षेत्रे पाहून एकही काडी दिसली नाही, तरच 'जंतू आढळले नाहीत' असे लिहायचे. एक ते नऊ सापडले, तर नेमका आकडा लिहायचा.

त्या दिवशी टेबलावर काचांचा ढीग होता. डोळे चुरचुरत होते. एका काचेची चाळीसेक क्षेत्रे पाहिली आणि ते तीन शब्द लिहून मी मोकळा झालो. आमचे वरिष्ठ मागेच उभे होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. त्यांनी तीच काच पुन्हा भिंगाखाली ठेवली आणि म्हणाले, "मोज."

मी मोजली. पुरी शंभर. एकही जंतू नव्हता! मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "पाहा मास्तर, माझं बरोबरच होतं."

मास्तरांनी माझा कागद फाडला. "उत्तर खरं होतं. तू खोटा होतास," एवढेच म्हणाले आणि नवा कागद पुढे केला. त्यावर मी पुन्हा तेच तीन शब्द लिहिले.

काच तीच, शब्द तेच, अक्षरही माझेच. मग पहिले असत्य आणि दुसरे सत्य कसे? बोलणे वस्तुस्थितीशी जुळले म्हणजे ते खरे, असे मी समजत होतो. पण 'आढळले नाहीत' हे विधान जंतूंविषयी जितके आहे, तितकेच शोधणाऱ्याविषयीही आहे. ज्याने शोधलेच नाही, त्याला काही आढळले नाही असे म्हणण्याचा अधिकार कोठून येणार? शेजाऱ्यात माणुसकी आढळली नाही, असे आपण सहज म्हणतो. ते तरी किती क्षेत्रे पाहून?

शंभर हे काही वेदवाक्य नव्हे. एकशे एकाव्या क्षेत्रातही जंतू असू शकतो. पण माझ्या तीन शब्दांत डॉक्टर शंभर क्षेत्रे वाचतो. रोगी तर तेवढेही वाचत नाही. तो निर्धास्तपणे घरी जातो आणि पोराला कुशीत घेऊन निजतो. आता जंतूच्या जनुकाचा माग काढणारी यंत्रे आली आहेत, आणि ती चाळिसाव्या क्षेत्राला थकत नाहीत. पण नमुन्यावर नाव बरोबर चिकटवले की नाही, हे अजून माणसाच्याच हाती आहे. आणि तेथेही मागे कोणी उभे नसते.

हे सारे ऐकून पुतणीने विचारले, "काका, तुम्ही अर्धवट पाहिलेली ती पहिलीच काच होती?"

नव्हती. तिच्याआधी दोन-तीन काचा मी अशाच उरकल्या होत्या. त्या वेळी मास्तर मागे नव्हते. त्या कोणाच्या होत्या, हे मला आज आठवत नाही. कदाचित त्याही निर्मळच असतील. पुढे हजारो काचा मी शंभरापर्यंत मोजल्या. पण त्या दोन-तीन काचांची उरलेली क्षेत्रे पाहायची राहिली, ती राहिलीच.