मागून आणलेली लेखणी

वचन : २ राजे ६:१-७



अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांस राहावयाची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा ते यार्देनेच्या तीरी लाकडे तोडावयास गेले. तेथे एकाच्या कुऱ्हाडीचे लोखंड पाण्यात पडले. तो हाय हाय करून आपल्या स्वामीस म्हणाला की, ती मागून आणलेली होती. आपले काम अडले, हे दुःख त्याने सांगितले नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून गेली, हेच त्याच्या जिवाला लागले.

आता आपणांकडे पाहू. वर्गणीची पावती लिहावयाची असते, अथवा टपालकचेरीत अर्ज भरावयाचा असतो, म्हणून आपण शेजारच्या मनुष्याजवळ क्षणभर पेन मागतो. लिहिणे संपते आणि पेन आपल्याच खिशात जाते. असे का होते? चोरी करावी असे कोणाच्या मनात नसते. परंतु गरज असते तोवरच धन्याची आठवण असते. गरज सरली की आठवणही सरते. हे पहिले कारण. दुसरे, वस्तू अल्प मोलाची, म्हणून तिचे ऋणही अल्प, असे आपण मानतो. तिसरे, देणारा भिडेस्तव परत मागत नाही, आणि त्याच्या मौनास आपण संमती समजतो. असे चार दिवस लोटले म्हणजे परत देण्याची लाज वाटू लागते, आणि त्या लाजेपायी परक्याची वस्तू आपलीच होऊन बसते.

मापभर पीठ उसने आणले, तर तितकेच दुसरे पीठ देऊन फेड होते. लेखणी, विळा, दोर ही मात्र जी आणली तीच परत द्यावयाची असतात. मागून आणलेले जनावर धनी जवळ नसता मेले किंवा जायबंदी झाले, तर भरपाई करावी, असे नियमशास्त्रात सांगितले आहे (निर्गम २२:१४).

मागणे हे पाप नव्हे. एका कर्जबाजारी विधवेने अलीशाच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणली, आणि देवाने ती तेलाने भरली (२ राजे ४:१-७). पण त्या शेजाऱ्यांची भांडी पूर्वी कोणी बुडविली असती, तर त्यांनी तिला ती दिली असती काय? जो परत करीत नाही, तो आपल्यामागून येणाऱ्या गरजवंताचे दार बंद करितो. शिवाय गावातील लोक आपला उपदेश ऐकण्याआधी आपला व्यवहार पाहतात. उपदेशकाच्या खिशातील लेखणी दुसऱ्याची आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याच्या मुखातील सत्य कसे पटावे?

यास्तव येत्या रविवारापूर्वी प्रत्येकाने आपली पेटी, फळी व खुंटी तपासून पाहावी. भावाच्या मनात आपणांविरुद्ध काही आहे असे स्मरले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून प्रथम त्याच्याकडे जावे, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). यार्देनेत देवाने लोखंड वर आणिले खरे. तथापि हात पुढे करून ते उचलणे त्या शिष्याकडेच राहिले. आपली स्मृती देव जागी करील. वस्तू घेऊन शेजाऱ्याच्या दारी जाणे मात्र आपले काम आहे. ते करण्यास प्रभू आपणां सर्वांस धैर्य देवो. आमेन.