शाल घ्यावी का?

नांदेडला टपरीवर वाद पेटला. एक पोरगं म्हणालं, सरकारी पुरस्कार म्हणजे तोंडात बोळा. मीही असंच म्हणायचो. पण लातूरकडच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड, ज्यांची जमात पोलिसाच्या नजरेत जन्मानंच चोर, त्यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिल्लीला ते वाचावं लागलं. हे थोडं नाही. तेव्हा घ्यावा. आपल्याच करातून येतो तो, त्यात उपकार कसला? फक्त पुस्तकाला शाल अन् पुस्तकातल्या माणसाला कोठडी, हा हिशोब तिथंच, त्याच माईकवर मांडावा. मांडताना जीभ अडखळली तर पोरगं खरं. १९७८ च्या नामांतराच्या आगडोंबात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले, ‘जय भीम’ सोडला नाही म्हणून. त्यांच्यापुढं माईक नव्हता.