आदाम झालाच नसेल तर?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मुख्याध्यापक झालो नव्हतो. विज्ञानाचे शिक्षक रजेवर, म्हणून दहावीच्या वर्गावर मला पाठवले. पाठ उत्क्रांतीचा. मराठीच्या मास्तराने तो गोष्टीसारखा रंगवला आणि बोलण्याच्या ओघात म्हणून गेला, "सहा दिवसांत जग झाले असे मानणारेही आहेत बरे का अजून!" वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरची एक ख्रिस्ती मुलगी तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पोस्टात नोकरीला असलेला, मराठी बायबलवर वाढलेला माणूस. तक्रार असणार असे मी धरूनच चाललो होतो. ते म्हणाले, "सर, उत्क्रांती शिकवा, परीक्षेला आहे ती. पण मला एक सांगा, आदाम झालाच नसेल तर येशू मेला कशासाठी?"

मला उत्तर सुचले नाही. मी चहा मागवला.

तोवर माझी समजूत अशी, की हा सारा आकड्यांचा झगडा. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळी जुळवून सृष्टीचा आरंभ इ.स.पूर्व ४००४ हा ठरवला. भूगर्भशास्त्र पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे सांगते. संपला वाद! पण त्या गृहस्थांची चिंता आकड्यांची नव्हतीच. पौलाने रोमकरांस आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर उभे केले आहेत. एकाच्या अवज्ञेने पाप आणि मरण आले, दुसऱ्याच्या आज्ञापालनाने तारण आले. आता माणूस जन्मण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे प्राणी मरतच होते असे जीवाश्म सांगत असतील, तर मरण ही शिक्षा राहत नाही, सृष्टीचीच रीत ठरते. मग वधस्तंभ हा कोणत्या रोगावरचा उपाय?

आपल्या घरांत हा प्रश्न बोचत नाही. नासदीय सूक्त तर शेवटी, सृष्टी कशी झाली हे वरच्या अध्यक्षाला तरी ठाऊक आहे की नाही, अशी शंका घेऊन थांबते. पुराणांत उत्पत्तीच्या कथा अनेक. एक गळाली तरी कोणाचा मोक्ष अडत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे तसे नाही. पंतय पिलाताच्या कारकिर्दीत एक माणूस खरोखर वधस्तंभावर गेला, यावर ती उभी आहे. औषध इतिहासातले, तर रोग नुसते रूपक कसा चालेल?

गंमत म्हणजे उत्तराचा धागा माझ्याच एम.ए.च्या अभ्यासात पडून होता. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राशोल येथे १६१६ साली छापले गेले. सांगायची कथा येशूची. पण त्याआधी पहिले पुराण सगळे जुन्या कराराला दिले आहे, आणि त्यात आदामाचे पतन आहे. आम्ही ओव्या आणि मराठीचा गोडवा यांवर टिपणे काढली. हा माणूस सुरुवात इतक्या मागून का करतो, हे कोणी विचारले नाही, मीही नाही.

सहा दिवसांचा हट्ट सर्व ख्रिस्ती लोकांचा नाही. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुमारासच ते दिवस आपल्यासारखे मानले नव्हते. अमेरिकेत डेटन गावी १९२५ साली उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. तिथे बायबलची बाजू लढवणाऱ्या ब्रायन यांनीही उलटतपासणीत कबूल केले, की ते दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीवर विचार करण्यास मुभा दिली. मात्र आदाम एकच, ही गाठ सोडली नाही. १९६१ साली व्हिटकॉम आणि मॉरिस यांनी 'द जेनेसिस फ्लड' लिहून सहा दिवसही परत मागितले आणि खडकांचे थर नोहाच्या प्रलयाच्या खात्यावर टाकले. खडकांबाबत ते चुकले असे मी निःशंक म्हणेन. पण एक कडी काढली की साखळीचे काय होते, हे त्यांना नेमके कळले होते. सोयीपुरते रूपक म्हणून मोकळे होणाऱ्यांपेक्षा मला ते प्रामाणिक वाटतात.

आजचे जनुकशास्त्रही मानवाचे मूळ एका जोडप्यात नव्हे, हजारोंच्या समूहात शोधते. म्हणजे पोपनी राखलेली गाठही ताणली गेली आहे. काही वर्षांनी पोस्टातले ते गृहस्थ बाजारात भेटले, तेव्हा मी तयारी करून म्हणालो, "आदाम म्हणजे आपण प्रत्येक जण, असे घेतले तर?"

पिशवी खाली ठेवून त्यांनी विचार केला. "मग सर, इतक्या माणसांत न चुकलेला एखादा तरी निघालाच असता. त्याला येशू नको?"

मुलगी पुढे विज्ञानाकडे गेली, प्राणिशास्त्राची पदवीधर झाली. दर नाताळला घरी करंज्या घेऊन येते. वर्गातल्या त्या हसण्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. वडिलांच्या प्रश्नाचे तिने काय केले, ते मात्र अजून विचारलेले नाही.