कर्ता गाळावा की न गाळावा?

आमच्या उमरखेडच्या पोरांना इंग्रजीत हटकून नडतो तो पॅसिव्ह व्हॉइस. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं. पण हा पाहुणा काही घरचा झाला नाही. 'राम किल्ड रावण' इथवर ठीक चालतं. मग वाक्य उलटं करायचं: 'रावण वॉज किल्ड बाय राम.' रावण पुढे येऊन बसतो आणि राम 'बाय'चं बोट धरून मागे जातो. शिवाय व्याकरणात एक सवलत असते: कर्ता ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, तर 'बाय'सकट गाळला तरी चालेल.

सगळी गडबड या सवलतीत आहे.

मराठीचा कर्मणी प्रयोग त्या मानानं सरळ मनाचा. 'रामाने लंका जिंकली.' क्रियापद लंकेच्या मागे धावतं, पण राम जागचा हलत नाही. म्हणून आपण इंग्रजांपेक्षा सोवळे, असं मात्र समजू नये. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी पोरगं 'मडकं फुटलं' असंच सांगत आलं असणार. फोडलं नाही, फुटलं! आमच्याकडे तर वर 'फुटलं न बा!' म्हणतात. जणू मडक्याच्या वागण्याचं सर्वांत जास्त दुःख त्यालाच.

हेच पोरगं मोठं होऊन कचेरीत बसतं आणि लिहितं, 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' कुणी केला? टेबलानं?

उलट पैनगंगेच्या अल्याड-पल्याड कुठल्याही पुलाची कोनशिला पाहा. 'यांच्या शुभहस्ते' हा 'बाय' चक्क संगमरवरात कोरलेला! पुढे पूल खचला, की नुसताच 'पूल खचला'. बांधताना हात होते. खचताना फक्त पाऊस होता.

मग कर्ता गाळणं म्हणजे खोटं बोलणं का? दर वेळी नाही. शेजारणीसमोर 'दूध उतू गेलं' एवढंच म्हणून सुनेचं नाव गिळणारी सासू खोटारडी नव्हे, पुण्यवान. एखाद्या गरीब पोराची फी भरून 'भरली गेली, एवढंच सांगा' असं कारकुनाला बजावणारा माणूसही तीच सवलत घेतो. व्याकरण एकच; फरक इतकाच, की गाळलेल्या कर्त्याच्या आड कोण लपतंय, आणि कुणासाठी.

म्हणून माझा नियम असा: चूक आपली असेल तर 'मी' पहिला. उपकार आपला असेल तर 'बाय' कटाक्षानं गाळावा. दुसऱ्याची चूक दुधापुरती असेल तर झाकावी, पुलाएवढी असेल तर नावानिशी सांगावी.

आता हा नियम कितव्या इयत्तेत शिकवावा? पहिलीत म्हणाल, तर तोवर पोरांचा तो उलटा पाठ झालेला असतो. आपल्याकडूनच!