उंबऱ्याचा व्यायाम

श्रीगोंद्यात माझ्याकडे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाली अडलेलं, मूल घेऊन येणाऱ्या आया बहुतेक एकाच वाक्याने सुरुवात करतात, "जन्मला तेव्हा लगेच रडला नाही." आणि मग लगेच, "चालेल का?" तोवर तेलाच्या मालिशीत दोन-तीन वर्षं गेलेली असतात. आजीने नेमाने केलेली ती मालिश. तिच्या मायेबद्दल मला आदरच आहे. पण मालिशीच्या वेळी मूल निवांत पडलेलं असतं आणि मेहनत आजी करते. चालायला शिकायचं तर घाम मुलाचा निघायला हवा. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ हे पटवण्यात जातो.

आमच्या क्षेत्रालाही हे उशिराच उमगलं. बोबाथ दाम्पत्याने १९४० च्या दशकात लंडनमध्ये घडवलेल्या पद्धतीचा जगभर पगडा होता, आणि जोर लावून व्यायाम केला तर स्नायूंचा ताठरपणा वाढेल अशी धास्ती होती. पुढच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही. ताठर दिसणारा पाय आतून दुबळा असतो. त्याला बळ हवं, आणि जी हालचाल यायला हवी तिचाच पुन्हा पुन्हा सराव हवा.

मोठ्या शहरांत त्यासाठी वरून पट्ट्याने वजन तोलून धरणारी ट्रेडमिल असते. माझ्याकडे ती नाही. उपचारासाठी अहिल्यानगर गाठायचं तर वाढतं मूल मांडीवर घेऊन एसटीचा प्रवास, आणि आईची त्या दिवसाची मजुरी गेली. पण उंबरा प्रत्येक घरात आहे, ओटा आहे, अंगण आहे. बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठायचं. ओट्याच्या पायरीवर एकेक पाय ठेवून चढायचं. भिंतीला धरून बाजूला सरकायचं. सोपं वाटू लागलं की पायरी उंच करायची किंवा हातात थोडं वजन द्यायचं. मूल दमलं पाहिजे.

आणि चालण्याला कारण पाहिजे. एका मुलीला समोरच्या दुकानातून बिस्किटपुडा स्वतः आणायचा होता. आईने व्यायाम खोलीतून काढून त्या रस्त्यावर नेला. महिनोन्‌महिने लागले, पण आज ती वॉकर घेऊन एकटी जाते.

सगळी मुलं अशी चालणार नाहीत, हे आईबापांना आधी सांगावं लागतं. कॅनडात रॉबर्ट पालिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या, या मुलांच्या हालचालींच्या वर्गवारीत पाच पातळ्या आहेत. पहिल्या दोन पातळ्यांतली मुलं आधाराविना चालतात, तिसरीतली वॉकर वा काठी घेऊन. चौथी-पाचवीतल्या मुलांना बहुतेक ठिकाणी चाकाची खुर्चीच लागते. तिथे व्यायाम नीट बसता यावं, खुबा निखळू नये, दुखू नये यासाठी. अशा मुलाच्या आईला खोटी आशा दाखवून पैसे घेणं मला पाप वाटतं.

गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. गावाकडे जेमतेम सुरू झालेला सराव ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर तुटतो. फडात जाणाऱ्या आईला रोज वेगळा तास कुठून मिळणार? म्हणून निघण्याआधीच तिच्या मोबाइलवर तिच्याच मुलाचे व्यायाम चित्रित करून द्यावेत, आणि ते पाणी भरताना, भाकरी होत असताना करता येतील असेच निवडावेत.

या मुलांसाठी कायदा आणि योजना आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सेरेब्रल पाल्सी स्पष्ट नोंदलेली आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा मूल त्यांच्यासमोर न्या. नऊ महिन्यांचं बाळ बसत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, पाय कात्रीसारखे अडकत असतील, तर "उशिरा चालेल" म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवा.